डबी वाजली नव्हती

ज्या बाईच्या छातीवर नळी ठेवून डॉक्टर जरा जास्तच वेळ गप्प राहिला असेल, तिच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. फक्त एक आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने संशयी आहे. दूधवाल्यासमोर दूध बोटावर घेऊन बघते आणि तो गेला की पुन्हा बघते. तेव्हा 'विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल' असलं काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. माझं काय झालं आणि कुठे चुकलं, तेवढं सांगते.

घाटनांदूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. स्टील, पितळ, तांबं, लग्नाचे संच, आणि जुनी भांडी मोडीत घ्यायची. मोडीचं काम मला मालकांनी शिकवलं. मालक म्हणजे माझे यजमान. लग्न होऊन आले तेव्हा मला भांड्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांनी एक पितळी तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाजवून बघ." मी तो डाव्या हातात घट्ट धरला आणि उजव्या हाताने टिचकी मारली. आवाज बद्द आला. मी म्हणाले, तडा गेलाय. ते हसले.

"आवळून धरू नको. आवळलं की चांगलं भांडं बी मुकं हुतंय. बोटाच्या टोकावर हलक्यानं धर, मंग ते आपून होऊन बोलतंय."

तसं धरलं तर तोच तांब्या खणकन वाजला आणि वाजतच राहिला. तेव्हापासून वीस वर्षं मी भांडी वाजवते आहे. डाग देऊन झाळलेली जागा, केसाएवढा तडा, पितळ म्हणून आणलेलं भलतंच काही, सगळं मला टिचकीत कळतं. गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी मी भांड्यालाच विचारते.

शिबीर

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. कन्या शाळेत तपासणीचं शिबीर होतं. शेजारणी निघाल्या म्हणून मीही गेले. एका वर्गात बाकं जोडून पडदा लावला होता आणि आत एक डॉक्टरीण बसली होती, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असावी. इतर बायकांना ती दोन मिनिटांत मोकळं करत होती. माझ्या छातीवर नळी ठेवली आणि थांबली. मग म्हणाली, डाव्या कुशीवर व्हा. मग म्हणाली, श्वास पूर्ण सोडा आणि तसाच धरा.

आम्ही लिंगायत. आमचं इष्टलिंग गळ्यातून कधी उतरत नाही. माझं चांदीच्या डबीत असतं, डबी शिवदाऱ्यात, म्हणजे गळ्यातल्या दोऱ्यात बांधलेली, आणि ती नेमकी छातीच्या मधोमध येते.

"मावशी, हे जरा काढून ठेवता का?"

"न्हाई. हे काढत न्हाईत."

"बरं, मग बाजूला धरा."

मी डबी मुठीत धरली. तिने पुन्हा ऐकलं, आणि मला म्हणाली, "तुमच्या हृदयातून एक जादा आवाज येतोय. लहानपणी कधी सांधे सुजले होते का? गुडघे, मनगटं? ताप आला होता?"

मी म्हणाले, न्हाई.

हे खोटं होतं. मी अकरा वर्षांची असताना माझे गुडघे लाल होऊन सुजले होते, मग मनगटं, आणि चार महिने शाळा बुडाली होती. आई वाताचा लेप लावायची. ही गोष्ट माझ्या सासरी कुणाला माहीत नाही, मग हिला कशी कळली? न सांगता जो आपल्या घरातलं सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहावं, हे मी जत्रेतल्या पोपटवाल्याकडून शिकले आहे. त्यात तिच्या टेबलावर शहरातल्या कुठल्याशा खाजगी हृदयाच्या दवाखान्याची गुळगुळीत पत्रकं पडलेली. माझ्या मनात लगेच सगळं जुळलं. शिबीर फुकट, पण मासे पकडायला गळाला लावलेलं गांडूळही माशाला फुकटच मिळतं.

तिने एका कागदावर लिहून दिलं, हृदयाची इको तपासणी करून घ्या. दोनदा बजावलं. मी मान डोलावली आणि बाहेर आले.

आता कुणी म्हणेल, एवढा संशय कशाला? तर माझ्या नणंदेचं ऐका. तिचं पोट दुखायचं. एका डॉक्टरने सांगितलं, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. वय अवघं सत्तावीस. घाबरवलं तसे आम्ही सगळे घाबरलो आणि आठवड्यात पिशवी काढून मोकळे झालो. पुढे दुसऱ्या डॉक्टरने जुने कागद बघितले आणि विचारलं, ही काढली कावून? तोवर ती तिशीत म्हातारी झाली होती. कंबर धरून बसते, चिडते, मध्येच रडते. आमच्या भागात अशा बायका गल्लोगल्ली सापडतील. त्यामुळे डॉक्टर 'खराब' म्हणाला की आमच्या घरात आधी शांतता पसरते आणि मग तोंडाला कुलूप लागतं.

नरसाळं

दुपारी जेवणं झाली, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मालकांना सगळं सांगितलं.  मग मीच म्हणाले, "अवो, ही डबी तर वाजली नसंल? नळीला लागून?"

"बघू की," म्हणाले.

त्यांनी तेलाचं पितळी नरसाळं घेतलं, दोन बोटांत धरलं, रुंद तोंड माझ्या छातीवर टेकवलं आणि बारीक टोकाला कान लावला. एकदा डबी छातीवर ठेवून ऐकलं. मग मी डबी पाठीवर टाकली, तेव्हा ऐकलं. या दुसऱ्या वेळी ते बराच वेळ ऐकत राहिले. त्यांची बोटं नरसाळ्यावर इतकी हलकी होती की मला ते टेकल्याचंही कळत नव्हतं.

"काय वाजतंय?"

ते सरळ झाले, नरसाळं पुसलं, जागेवर टांगलं.

"डबीच वाजतीय. दुसरं काय न्हाई."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. जन्मभर भांडी वाजवणाऱ्याचा कान कुठे आणि काल डॉक्टर झालेल्या पोरीचा कान कुठे. मी तो कागद चुरगाळला आणि काचेच्या बरण्यांसोबत आलेल्या पेंढ्याच्या ढिगात फेकून दिला. संध्याकाळी शेजारणींना हसून हसून सांगितलं, चांदीच्या डबीला रोग झालाय म्हणे.

एक वर्ष

पुढचं वर्ष मी प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला, फक्त छातीवर घेतला नाही.

वरच्या फळीवरचं पातेलं काढायला शिडी चढले की धाप लागायची. मला वाटलं शिडीच्या पायऱ्या लांब झाल्यात. खरंच वाटलं, मी मोजूनही बघितल्या. झोपताना एका उशीने घुसमटायला व्हायचं, म्हणून दोन घेतल्या आणि नव्या कापसाला दोष दिला. पावलं सुजली तेव्हा चपलांना दिला. आमच्या गावातले जुने डॉक्टर, सगळ्या घराचे ओळखीचे, त्यांच्याकडे गेले. त्यांनी साडीवरूनच नळी टेकवली, टेकवली न टेकवली आणि काढली. "अशक्तपणा आहे, एक सलाईन लावू." मला ते देवासारखे वाटले. मनासारखं बोलणाऱ्यावर माझ्यासारखी संशयी बाईसुद्धा संशय घेत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

घरात मात्र कुरबुर सुरू झाली. मालकांनी एक दिवस शिडी मागच्या खोलीत नेऊन ठेवली. जड पातेली, घागरी, सगळी खालच्या फळीवर आणली. मोडीची भांडी उचलायला मी पुढे झाले की म्हणायचे, ऱ्हाऊ दे, मी घेतो. मला वाटलं, हे मला दुकानातून बाहेर काढतायत. त्यांच्या पुतण्याला बसवायचा विचार असणार. मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या डोक्यात कुठून येतंय गं हे?" मी म्हणाले, शिडी कुठून कुठे गेली ते बघितलं की येतं. चार दिवस आम्ही एकमेकांशी फक्त गिऱ्हाइकाच्या निमित्ताने बोललो.

आणि एक दिवस भर दुकानात, मी एका बाईला तांब्याची कळशी दाखवत होते, खोकला आला आणि पदराला लाल डाग पडला. थोडाच होता. ती बाई म्हणाली, पान खाल्लं का ताई? मी म्हणाले, हो. जन्मात पान खात नाही मी.

अंबाजोगाई

गौरी, आमची एकुलती एक, अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. शनिवारी घरी आली होती. कपडे धुताना तिने पदर बघितला. तिने माझ्याशी वाद घातला नाही. सरळ बापाला म्हणाली, "अप्पा, सोमवारी आईला घेऊन निघायचं. ती न्हाई म्हणली तरी." आणि नवल म्हणजे मालक लगेच हो म्हणाले. एक शब्द आडवा बोलले नाहीत.

मी माझी अट घातली. तिथे कुणी काही बोलायचं नाही. शिबीर नाही, धाप नाही, रक्त नाही. मोडीचं भांडं घेऊन येणारा कधी सांगतो का तडा कुठे आहे ते? आपण शोधायचा. डॉक्टरला येत असेल तर त्यानेही शोधावा. आणि आणखी एक, मी घरातून निघतानाच शिवदारा आवळून डबी पाठीवर बांधून घेतली. छातीवर काही नाही. आता वाजू दे काय वाजतंय ते.

मोठ्या दवाखान्यात रांग होती. नंबर आला. डॉक्टर पन्नाशीचे, केस पिकलेले, आवाज मऊ. मऊ आवाजावर माझा विशेष संशय. त्यांनी नळी ठेवली. थांबले. डाव्या कुशीवर व्हा. श्वास सोडा, धरा.

तेच शब्द. 

"आधी कुणी काही सांगितलं होतं का तुम्हाला? हृदयाबद्दल?"

"न्हाई," मी म्हणाले.

तेवढ्यात मालकांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यातून एक घडी केलेला कागद काढला आणि डॉक्टरांसमोर ठेवला. कागदावर चुरगळल्याच्या रेघा होत्या, पण तो हाताने दाबून दाबून सरळ केलेला होता. शिबिरातल्या पोरीचं अक्षर मी लांबूनही ओळखलं.

मी फेकलेला कागद. पेंढ्यातला.

डॉक्टरांनी वाचला, तारीख बघितली आणि म्हणाले, "मुलीनं बरोबर ओळखलं होतं. वर्ष गेलं की हो." मी मालकांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होते.

बारा कान

मला भरती करून घेतलं. इको झाली. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं, हृदयाच्या आत एक झडप असते, ती लहानपणच्या त्या तापाने खराब होऊन आकसत गेली होती. दार पूर्ण उघडत नाही, रक्ताला फटीतून जावं लागतं, म्हणून तो आवाज. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी फडफडत होतं. ते माझंच कशावरून? मी कागदावरचं नाव, वय, गाव तीनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले. सहाजण होते. मला विचारलं, ही मुलं ऐकतील, चालेल का? मी हो म्हणाले, कारण माझा एक डाव होता. सहाजणांचे बारा कान. कुणीतरी चुकेल, आणि चुकलं की मी डिस्चार्ज मागणार.

एकेकाने ऐकलं. पहिला म्हणाला, आवाज आहे सर. दुसरा म्हणाला, आहे सर. तिसरा तर नळी टेकायच्या आधीच मान डोलवत होता. असली गिऱ्हाइकं मी ओळखते, शेजारच्याने घेतलं म्हणून घेणारी. शेवटी एक बारकी पोरगी आली. तिने ऐकलं, पुन्हा ऐकलं, कपाळाला आठ्या पडल्या.

"सर, मला काहीच ऐकू येत नाही."

बाकीचे हसले. मला मात्र ही पोरगी एकदम आवडली. सगळ्या वॉर्डात एवढंच एक खरं बोलणारं माणूस. मी मनात म्हटलं, झालं, सापडला साक्षीदार.

डॉक्टर तिला म्हणाले, सावकाश ऐक, घाई नाही, आणि पुढच्या खाटेकडे गेले. ती थांबली. तेलगावची निघाली, घरी कापूस आणि ऊस. ती नळीचं लहान तोंड माझ्या छातीवर दाबून धरत होती. इतकं दाबून की गोल वण उठला.

"ऐकू येतंय का गं काही?"

"नाही हो मावशी. परीक्षेत नापास होणार मी." मग एकदम म्हणाली, "तुम्हाला ऐकायचंय का? तुमचंच तर आहे."

मला असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिने नळीची टोकं माझ्या कानात घातली. मी तिने छातीवर दाबून धरलेलं ते तोंड बघितलं आणि मला आमचा पितळी तांब्या आठवला.

"पोरी, आवळून धरतीस. आवळलं की मुकं हुतंय. बोटाच्या टोकावर धर. नुसतं टेकव."

तिने हात सैल केला.

आणि आलं. आधी ठण्ण, मोठा, कोरा. मग डब्. त्याच्या पाठोपाठ बारीक टक्. आणि मग खालून, लांबून, शेजारच्या घरात जातं फिरत असावं तशी घरघर. ठण्ण, डब्, टक्, घर्रर्र. माझ्या आत. मी पाठीमागे हात घालून डबी चाचपली. ती पाठीवरच होती, शिवदाऱ्यात घट्ट बांधलेली, मुकाट.

वीस वर्षं मी लोकांच्या भांड्यांतली खोट काढत आले. ही खोट मला पहिल्या टिचकीत कळली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या कानांनी. मला रडू आलं आणि मी ते अडवलं नाही.

पोरीने नळी काढून घेतली, तशीच हलकी धरून स्वतः ऐकलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "आलं मावशी! आलं!" ती उड्या मारायची तेवढी बाकी होती. मी डोळे पुसत होते आणि ती हसत होती. मग तिच्या लक्षात आलं आणि ती माझा हात धरून बसली.

ती गेल्यावर मी एकटी पडून होते. तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. आवळून न धरता, हलक्या बोटांनी. नरसाळं दोन बोटांत. टेकल्याचंही कळत नव्हतं. हलकं धरायला मला शिकवलं कुणी होतं?

संशय कामाला लावावा

पंधरा दिवस दवाखान्यांत काढले, आधी अंबाजोगाई आणि मग लातूर, कारण फुगा घालून झडप उघडायची सोय तिथे होती. या दिवसांबद्दल थोडंच सांगते. सकाळी सहाला थर्मामीटर, सातला फरशी पुसणं, आठला उपमा, त्यात कधीच मीठ नाही. औषधाची प्रत्येक पट्टी मी वाचून घ्यायचे. सिस्टर वैतागायच्या. एका दुपारी दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर शेजारच्या खाटेवरच्या आजींचं नाव निघालं. मी गोळी हातात धरून बसले. सिस्टरने बघितलं, तिचा चेहरा उतरला, आणि नंतर तीच मला म्हणू लागली, ताई, तुमी वाचताच, आजीच्या बी वाचत जा.

म्हणून सांगते, संशय सोडू नका. पण त्याला घरी बसवून ठेवू नका, दवाखान्यात न्या. त्याला डॉक्टरसमोर बसवून प्रश्न विचारायला लावा. माझा संशय वर्षभर दुकानात लपून राहिला, आणि तोवर झडप आणखी आकसली.

सही

फुग्याच्या दिवशी सकाळपासून उपाशी होते. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मांडीच्या शिरेतून नळी वर नेणार, फुगा फुगवणार, झडप मोकळी करणार, छाती उघडायची नाही. धोके काय, तेही सांगितले, सगळे. मी विचारलं, नाही केलं तर? म्हणाले, धाप वाढत जाईल, आणि एक दिवस जमणार नाही. मी विचारलं, खरंच गरज आहे का? ते चिडले नाहीत. "बाई, तुम्ही स्वतः ऐकलंय म्हणे. तुम्हीच सांगा."

गळ्यात काही चालणार नव्हतं. आमच्या स्वामींना गौरीने फोन लावला. ते म्हणाले, अंगाशी असलं म्हणजे झालं. मग इष्टलिंग डबीतून काढून पांढऱ्या कापडात गुंडाळून डाव्या दंडावर बांधलं आणि रिकामी डबी मी गौरीच्या हातात दिली. गौरी ती घेऊन स्वामींनी सांगितलेली विभूती आणायला खाली गेली. खोलीत मी आणि मालक, आणि खाटेवर सहीचा कागद.

त्यांनी पेन घेतलं.  पेन खाली ठेवलं.

"ताईच्या टायमाला सही मी केलती," ते म्हणाले. ताई म्हणजे माझी नणंद, त्यांची थोरली बहीण. "डॉक्टर म्हणला खराब हाय, मी सही केली. तिनं मला आजवर एका शब्दानं बोललं न्हाई. त्येच लई लागतंय."

 मी विचारलं, "नरसाळ्यातून काय ऐकू आलतं?"

ते खाली बघत होते.

"मालक, मी तुम्हाला विचारतेय."

"घरघर," ते म्हणाले. "ठण्ण वाजून मागं घरघर. डबी पाठीवर हुती तरी बी."

"मंग डबी वाजतीय म्हणलात कावून?"

"भ्यालो मी. तू भिशील म्हणून न्हाई. मीच भ्यालो. म्हणलं, पुन्हा कागद पुढं येईल, पुन्हा मला सही करावी लागंल." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "कागद त्याच दिवशी पेंढ्यातून काढला. रोज खिशात घालायचो. रोज म्हणायचो, आज बोलू. शिडी लपवण्यापलीकडं काय जमलं न्हाई."

मला भयंकर राग आला. दूधवाला, कापूस, चपला, पुतण्या, ती शिबिरातली बिचारी पोरगी, सगळ्या जगाला मी उलटं पालटं करून वाजवलं. आणि ज्या एका माणसाला कधी टिचकी मारली नाही, तोच खोटं बोलला होता. मी त्यांना बोलले, जे तोंडाला येईल ते बोलले. माझं वर्ष खाल्लंत म्हणाले. ते ऐकत राहिले, हात जोडून नाही, मान खाली घालून नाही, सरळ बघत. त्यांचे डोळे भरले होते.

मग मी पेन घेतलं. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, नाव, वय, गाव, कुठली बाजू, सगळं. आणि सही मी केली. माझ्या छातीची सही मीच करणार, दुसऱ्या कुणावर ते ओझं टाकणार नाही. त्यांनी माझ्या दंडावरची कापडाची गाठ पुन्हा एकदा नीट बांधली. गौरी विभूती घेऊन आली तेव्हा आम्ही दोघंही रडत होतो आणि तिला वाटलं काही वाईट झालं.

पुन्हा नरसाळं

फुगा चांगला बसला. मी जागी होते, भूल जागेपुरतीच होती. काय चाललंय ते मी पडद्यावर बघायला मागितलं, डॉक्टर हसले आणि पडदा फिरवला. तिसऱ्या दिवशी जिना चढून बघितला. पायऱ्या पूर्वीएवढ्याच होत्या. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं, ते चुकवत नाही. आता कुणा पोराचे सांधे सुजले, ताप आला, की मी आईच्या हातातला लेप काढून घेते आणि तिला दवाखान्यात पिटाळते. संशयी बाई म्हणून माझं नाव आहेच, त्यात आणखी भर.

मालकांशी मी महिनाभर नीट बोलले नाही. ते रोज विचारायचे, गोळी घेतली का. मी मान हलवायचे.

मग एका दुपारी, दुकानात कुणी नव्हतं, मी ते पितळी नरसाळं काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. डबी पाठीवर टाकली. त्यांनी ते घेतलं, दोन बोटांत धरून टेकवलं, कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"काय वाजतंय?"

गावात ज्याने त्याने सांगितलं होतं, आता सगळं साफ झालं, नवं हृदय झालं. गौरीनेही तेच म्हटलं होतं. मालकांनी नरसाळं खाली घेतलं.

"जरासा हाय अजून," ते म्हणाले. "लई बारीक. पर हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. नरसाळं घेऊन जागेवर टांगलं. पुढच्या सोमवारी तपासणीला अंबाजोगाईला गेले. ती तेलगावची पोरगी वॉर्डातच होती, मला बघून धावत आली. मी तिला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, ऐक. तिने नळी बोटांच्या टोकावर धरली, नुसती टेकवली आणि डोळे मिटून ऐकलं.

"खूप कमी झालाय मावशी," ती म्हणाली. "अगदी थोडा राहिलाय. तेवढा राहतोच, घाबरू नका."

मी बाहेर आले. मालक बाकावर बसले होते, मांडीवर माझी गोळ्यांची पिशवी. मी त्यांच्या शेजारी बसले आणि एक महिन्यानंतर त्यांच्याशी नीट बोलले.

"चला," मी म्हणाले. "तुमचा कान बरोबर हाय."